जुनेपणाची परीटघडी : संग्राह्य कॉमिक्सचे प्रेसिंग, स्वच्छता आणि श्रेणीकरण यांची चिकित्सा

प्रास्ताविक

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावसंस्थेने १९३९ सालच्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची एक प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला विकली. अंकाची मूळ किंमत १० सेंट होती. कॅलिफोर्नियातील एका घराच्या पोटमाळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली ही प्रत कित्येक दशके पडून होती. लिलावापूर्वी तिची तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि तिला दहापैकी ९.० ही श्रेणी मिळाली. याच अंकाची ८.० श्रेणीची प्रत २०२२ मध्ये ५३ लाख डॉलरला गेली होती. दोन्ही प्रतींतील कथा एकच, चित्रे एकच, छपाईही एकच. ही कथा पुनर्मुद्रित आवृत्त्यांमधून कोणालाही अल्प मोलात वाचता येते. तेव्हा ही किंमत साहित्यकृतीची नसून कागदाच्या एका विशिष्ट अवस्थेची आहे, हे उघड आहे.

कागदाची ही अवस्था ठरविणारी आणि प्रसंगी घडविणारी एक व्यवस्था गेल्या पाव शतकात अमेरिकेत उभी राहिली. तिची तीन अंगे आहेत. उष्णता, ओलावा आणि दाब यांच्या साहाय्याने अंकाच्या चुण्या व मुरडी काढणे, म्हणजे प्रेसिंग; पाण्याचा वापर न करता पृष्ठभागावरील मळ काढणे, म्हणजे ड्राय क्लीनिंग; आणि त्यानंतर त्रयस्थ कंपनीकडून अंकास श्रेणी देऊन त्यास पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात कायमचे बंद करणे, म्हणजे ग्रेडिंग. पहिली दोन अंगे तिसऱ्याची पूर्वतयारी होत. त्यांच्यातील अंतर्विरोध तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. श्रेणी देणारी व्यवस्था कागदावरील प्रत्येक खूण दोष म्हणून मोजते. मात्र ती खूण पुसण्याच्या कृतीची नोंद ती प्रतीबरोबर ठेवत नाही. परिणामी जी श्रेणी प्रतीच्या इतिहासाचे प्रमाणपत्र म्हणून विकली जाते, ती प्रत्यक्षात तिच्या पृष्ठभागाचे एका दिवशीचे वर्णन असते.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांविषयी लिहिताना 'वयोमूल्य' आणि 'नवतामूल्य' असा भेद केला होता. झिजलेली पायरी, काळवंडलेला दगड यांतून काळ स्वतःच दिसतो, हे वयोमूल्य. वस्तू नुकतीच कारागिराच्या हातून उतरल्यासारखी दिसावी, ही अपेक्षा नवतामूल्याची. ही दोन मूल्ये परस्परांस छेद देतात, असे रीगलचे प्रतिपादन होते. कॉमिक्सच्या बाजाराने हा पेच सोडविला नाही. तो मानण्यासच नकार दिला. येथे वय हवे ते केवळ मुखपृष्ठावर छापलेल्या सालापुरते. कागद मात्र कालच दुकानात आल्यासारखा हवा. जुनेपण हवे, पण परीटघडीचे हवे.

कागद, ओलावा आणि दाब

या मागणीचे स्वरूप कळण्यासाठी मुळात ही वस्तू कशाची बनलेली आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. विसाव्या शतकातील बहुतेक काळात अमेरिकन कॉमिक बुक टिकाऊपणाचा कोणताही विचार न करता तयार होत असे. आतील पाने वृत्तपत्री कागदाची, म्हणजे लाकूड यंत्राने भरडून केलेल्या लगद्याची. या लगद्यात लिग्निन शिल्लक राहते; प्रकाश व हवा यांच्या संपर्काने ते पिवळे-तपकिरी पडते. कागदास शाई फुटू नये म्हणून वापरलेल्या तुरटी व राळ यांच्या मिश्रणाने त्यात आम्लता येते, आणि आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जाऊन पान ठिसूळ होते. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत, लेपयुक्त कागदाचे. या दोन भिन्न स्वभावांच्या कागदांना दुमडून घडीवर स्टेपलच्या दोन पिना मारल्या की अंक तयार. हवेतील ओलावा वाढला की दोन्ही कागद सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. अंकाच्या अनेक व्याधींचे मूळ या बेबनावात आहे.

प्रेसिंग करणारा कारागीर प्रथम अंकाला नियंत्रित ओलावा देतो, म्हणजे ताठरलेले तंतू सैल होतात. नंतर अंक चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेले कागद आणि पुठ्ठे यांच्यामध्ये तो ठेवून तापलेल्या पाट्याखाली दाबला जातो. यासाठी वापरले जाणारे यंत्र मुळात छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटविण्यासाठी बनलेले होते. तापमान साधारणतः ६५ ते ८५ अंश सेल्सिअस, उष्ण दाबाचा काळ काही मिनिटांचा, आणि त्यानंतर अंक वजनाखाली पुष्कळ वेळ, कित्येकदा दिवसभर, थंड होऊ द्यायचा. कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरविणे आणि बांधणी झालेले पुस्तक शिकंज्यात आवळून ठेवणे, या दोन परिचित क्रियांचा हा संयोग म्हणता येईल. कारागीर कुशल असेल तर परिणाम खरोखरच विलक्षण असतो. बोटांच्या दाबाने पडलेले खळगे, पानांच्या लाटा, अंक गुंडाळून वाचल्याने पाठीला आलेला पीळ हे सारे नाहीसे होते. जेथे घडीवरील शाईचा थर फुटून पांढरी रेघ उमटली आहे, तेथे मात्र दाबाचे काही चालत नाही. रंग फुटलेली घडी आणि रंग न फुटलेली घडी हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. कारण पहिली राहते आणि दुसरी पुसली जाते.

अकुशल हाती हीच प्रक्रिया घातक ठरते. ओलावा अधिक झाल्यास पिनांना गंज चढतो, लेपयुक्त पाने एकमेकांस चिकटतात, पिनेभोवतीचा कागद ताणून फाटतो. २०१३-१४ च्या सुमारास मुखपृष्ठ आकसून उजव्या कडेने आतील पाने बाहेर डोकावत असलेल्या प्रती उच्च श्रेणीच्या कवचांत दिसू लागल्या, तेव्हा संग्राहकांत बरीच खळबळ माजली. मुखपृष्ठाचा आणि आतील पानांचा तो जुना बेबनाव उष्णतेने उघडा पाडला होता.

ड्राय क्लीनिंगची साधने साधी आहेत : खोडरबराचा चुरा, मळून मऊ केलेले रबर, काजळी टिपणारा रबरी स्पंज. रबराचा प्रसार होण्यापूर्वी युरोपात हेच काम पावाच्या गराने केले जाई. धूळ, हाताचा मळ आणि पेन्सिलीच्या खुणा यांनी निघतात. पाणी वा द्रावणे वापरून केलेली स्वच्छता हा वेगळा प्रकार असून तिची गणना कोरड्या स्वच्छतेत होत नाही.

सीमारेषा कोणी ओढली?

सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, जी सीजीसी या नावाने ओळखली जाते, ही २००० मध्ये स्थापन झाली. तिचे ठाणे फ्लोरिडा राज्यातील सॅरासोटा येथे आहे. तत्पूर्वी विक्रेताच आपल्या मालाची श्रेणी ठरवीत असे आणि रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचे १९७० पासून निघणारे किंमतदर्शक पुस्तक हा सर्वांचा आधार असे. विकणाऱ्यानेच गुण द्यावेत यातील धोका स्पष्ट होता. त्यामुळे त्रयस्थ परीक्षकाची कल्पना स्वागतार्ह ठरली, आणि तिने बाजारास काही अंशी शिस्त लावली हेही मान्य करावयास हवे. छुपे रंगकाम, कडा कापून सरळ केलेल्या प्रती, बदललेली पाने ही लबाडी उघड करण्याचे काम या परीक्षकांनी केले.

कंपनीची पद्धत रंगीत लेबलांची आहे. निर्दोष व्यवहाराचे लेबल निळे. रंग भरणे, तुकडा जोडणे, फाटलेले चिकटविणे, कडा कापणे असे काही आढळल्यास जांभळे लेबल मिळते आणि किंमत कोसळते. एखादा गंभीर दोष वगळून उरलेल्या अंकास श्रेणी द्यावयाची असल्यास हिरवे. केवळ टिकाऊपणासाठी केलेल्या दुरुस्तीकरिता पुढे आणखी एक निराळा वर्ग करण्यात आला. या रचनेत प्रेसिंग आणि ड्राय क्लीनिंग यांचे स्थान निळ्या लेबलात आहे. ती जीर्णोद्धारात मोडत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेखही होत नाही.

या वर्गीकरणाच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की, या क्रियांत वस्तूला काही जोडले जात नाही आणि तिच्यातून काही काढले जात नाही. हा युक्तिवाद तपासणीत टिकत नाही. खोडरबर पेन्सिलीची खूण काढतेच. कडा कापण्यात केवळ काढणे असते, जोडणे काहीच नसते; तरीही ती क्रिया जांभळ्या लेबलात जाते. दाबामुळे कागदाच्या तंतूंची मांडणी बदलते, आणि तो बदल व्हावा याचसाठी तर पैसे मोजलेले असतात.

दुसरा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे : उत्तम रीतीने झालेले प्रेसिंग ओळखता येत नाही, जे ओळखता येत नाही त्यास दंड कसा करावा? व्यवहारदृष्ट्या यात तथ्य आहे. परंतु एखादी कृती सिद्ध करता न येणे आणि ती कृती न घडणे या भिन्न गोष्टी आहेत. दुधातील पाणी तपासनीसाला सापडले नाही म्हणून ते दूधच होते असे कोणी म्हणत नाही. प्रेसिंग ही भेसळ नव्हे, हे मान्य. मुद्दा एवढाच की, पुराव्याच्या अडचणीला येथे तत्त्वाचा दर्जा देण्यात आला आहे. शिवाय हे तत्त्वही लवचीक आहे. १९५० पूर्वीच्या अंकांवर अत्यल्प रंगकाम किंवा गोंद असल्यास त्यांना निळे लेबल मिळू शकते. हीच गोष्ट १९६५ च्या अंकावर आढळली तर लेबल जांभळे होते. जुन्या प्रती दुर्मिळ, म्हणून त्यांना सवलत. सवलतीचे कारण समजण्यासारखे आहे. पण ते कारण बाजाराचे आहे, जतनशास्त्राचे नव्हे.

जतनशास्त्र याहून वेगळा प्रश्न विचारते. चेझारे ब्रांदी या इटालियन विचारवंताने १९६३ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या सिद्धांतानुसार कलावस्तूच्या दोन मागण्या असतात, सौंदर्याची आणि इतिहासाची. पहिली पुरविताना दुसरीचा बळी देऊ नये. अमेरिकेतील व्यावसायिक जतनतज्ज्ञांची संहिताही प्रत्येक हस्तक्षेपाची लेखी नोंद आवश्यक मानते. संग्रहालयातील तज्ज्ञ कागद सपाट करीत नाहीत असे मुळीच नाही. ते नित्य करतात, आणि ओलावा व दाब हीच त्यांचीही साधने आहेत. फरक दप्तरात आहे. तेथे कागद कोणत्या दिवशी, कशाने, कोणत्या कारणासाठी सपाट केला हे लिहून ठेवले जाते, आणि ती नोंद वस्तूची सोबत सोडत नाही.

नोंदीऐवजी रंगाने न्याय करण्याचा एक विचित्र परिणाम येथे सांगणे आवश्यक आहे. सीजीसीपूर्वीच्या काळात कॉमिक्सची दुरुस्ती हे प्रतिष्ठेचे कसब मानले जाई. मालक आपल्या मौल्यवान प्रतींवर रंगकाम करवून घेत. जांभळे लेबल आल्यावर हेच कसब कलंक ठरले. मग उलटा व्यवसाय सुरू झाला. पूर्वी भरलेला रंग खरवडून काढणे, जोडलेला तुकडा सोडविणे, इतकेच नव्हे तर प्रसंगी रंगविलेला कागदाचा कोपराच काढून टाकणे. अशा रीतीने उघडा पडलेला, खरोखरच अधिक जखमी झालेला अंक निळ्या लेबलास पात्र होतो. जतनाच्या नावे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने वस्तूची हानी करण्यास बक्षीस लावावे, यापेक्षा तिच्या मूल्यमापनाविषयी अधिक बोलके दुसरे उदाहरण मिळणे कठीण आहे.

पंचवीस पायऱ्या

श्रेणीची मोजपट्टी ०.५ पासून १०.० पर्यंत असून तिच्यावर एकंदर २५ पायऱ्या आहेत. त्या समान अंतरावर नाहीत. २.० ते ९.० या पट्ट्यात प्रत्येक पायरी अर्ध्या गुणाची आहे. ९.० नंतर मात्र ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०.० अशी दाटी होते. २५ पैकी ७ पायऱ्या शेवटच्या एका गुणाच्या अंतरात सामावल्या आहेत. ९.५ आणि ९.७ अस्तित्वातच नाहीत. दशांश चिन्हामुळे ही मोजपट्टी तापमापकासारखी भासते. वस्तुतः ती अनुभवी डोळ्यांनी लावलेल्या विशेषणांची क्रमवारी आहे. परीक्षक एकाहून अधिक असतात आणि त्यांच्या मतांचा मेळ घातला जातो, ही चांगलीच गोष्ट. पण मतांचा मेळ म्हणजे मापन नव्हे. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. कंपनीच्या स्थापनेनंतर दोन दशकांहून अधिक काळ तिचे निकष ग्रंथरूपाने वाचकांसमोर आलेले नव्हते. परीक्षेचा निकाल प्रसिद्ध आणि उत्तरतालिका गुप्त अशी ही स्थिती होती. महाविद्यालयीन अध्यापकांना तिचे वैगुण्य निराळे सांगण्याची गरज नसावी.

पायऱ्यांची ही दाटी कोठे आहे, यालाही अर्थ आहे. प्रेसिंगने जे दोष जातात ते नेमके याच उंच टोकावर निर्णायक ठरतात. फाटक्या, डागाळलेल्या अंकाला दाबाने फारसा लाभ नाही. एखादा ९.४ चा अंक मात्र बोटाचा एक खळगा गेल्याने ९.६ वा ९.८ ला पोहोचू शकतो, आणि गाजलेल्या अंकांच्या बाबतीत या दोन दशांशांची किंमत अंकाच्या मूळ किमतीच्या कित्येक हजार पट असते. सेवा आणि मोजपट्टी एकमेकींसाठी घडविल्यासारख्या बसतात. असा हेतू कोणाच्या मनात होता असे म्हणण्याचे कारण नाही. बाजारात अशा जुळण्या हेतूवाचूनही होतात.

खूण आणि डाग

नोव्हेंबर १९७४ या तारखेचा 'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक वुल्व्हरीन या पात्राच्या पहिल्या पूर्ण दर्शनासाठी प्रसिद्ध आहे. त्या काळी मार्व्हल कंपनी आपल्या अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर छोटी चित्रे छापीत असे. मुलांनी ती कापावीत, एका वहीत चिकटवावीत, आणि वही पूर्ण झाल्यावर सवलती मिळवाव्यात अशी ती योजना होती. हल्कच्या या अंकात ५४ क्रमांकाचे चित्र होते. प्रकाशकाने सांगितले तसे ज्या मुलाने केले, त्याची प्रत आज सदोष ठरते. तिला हिरवे लेबल तरी मिळते, नाहीतर अगदी खालची श्रेणी. ज्याने काहीच केले नाही, अंक घेऊन नुसता ठेवून दिला, त्याची प्रत आदर्श. आज्ञाधारक वाचक दोषी आणि न वाचणारा निर्दोष असा हा न्याय आहे. वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ते कापलेले भोक हा अंकातील सर्वाधिक माहिती देणारा भाग आहे. प्रकाशक आणि बालवाचक यांच्यात नेमका कोणता व्यवहार चाले, हे त्यातून कळते.

याउलट काही खुणांना मात्र राजमान्यता आहे. कोलोरॅडोतील व्यावसायिक चित्रकार एडगर चर्च यांचा सुमारे वीस हजार अंकांचा संग्रह १९७७ मध्ये चक रोझान्स्की यांनी विकत घेतला. 'माइल हाय' या नावाने तो ख्यात आहे. कोरड्या हवेत, घट्ट रचलेल्या उंच थप्प्यांमध्ये हे अंक दशकानुदशके राहिले आणि आपल्याच भाराने सपाट राहिले. या संग्रहातील काही प्रतींच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेले सांकेतिक अंक आहेत. ते कोणी खोडत नाही. ते अस्सलपणाची साक्ष म्हणून मिरविले जातात. नेब्रास्कातील लॅमाँट लार्सन या मुलासाठी दुकानदार अंक राखून ठेवीत असे आणि ओळखीसाठी त्यावर त्याचे नाव लिहीत असे. ते नावही आज मूल्यवर्धक आहे, आणि 'लार्सन' ही लेबलावर छापली जाणारी कुलपरंपरा आहे.

मग दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने दुसऱ्या एखाद्या मुलासाठी त्याच पेन्सिलीने लिहिलेले नाव कोणत्या निकषावर मळ ठरते? ते खोडरबराने जाते, म्हणून घालविले जाते, आणि अंक स्वच्छ झाला असे म्हटले जाते. विक्रीच्या दिवशी मारलेला तारखेचा शिक्का सहन केला जातो. नाव, हिशोब, पत्ता, एखाद्या मुलाने गिरवलेली मिशी हे दोष होत. ज्यांचा संग्रह हजारोंचा होता त्यांच्या खुणा इतिहास आणि ज्याच्याजवळ पाचच अंक होते त्याच्या खुणा कचरा, हा भेद सौंदर्यदृष्टीचा नसून सरळसरळ संपत्तीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रद्दीसंकलनात असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली. न खपलेल्या अंकांच्या मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून विक्रेते ती परताव्यासाठी पाठवीत. या साऱ्यातून जे वाचले ते बहुतेक मुलांच्या हातांतून वाचले. त्या हातांचा पुरावा नेमका त्या मऊ, रंग न फुटलेल्या मुरडींत असतो, ज्या प्रेसिंगने प्रथम जातात.

अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या ग्रंथात इगॉर कॉपिटॉफ यांनी वस्तूंच्या सांस्कृतिक चरित्राची कल्पना मांडली आहे. वस्तू क्रयवस्तू होते, त्या अवस्थेतून बाहेर पडते, पुन्हा तीत शिरते; तिच्या चरित्रात या अवस्था वाचता येतात. मुंबईकर अप्पादुराईंच्या या ग्रंथामुळे आपल्याकडील समाजशास्त्राच्या अध्यापकांना ही कल्पना परिचित आहे. कॉमिक बुकच्या बाबतीत तिला एक जोड द्यावी लागेल : येथे वस्तू पुन्हा बाजारात शिरण्याची अट हीच आहे की, तिने आपले मधले चरित्र पुसून यावे.

एका छताखाली

प्रेसिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांची भूमिका उडवून लावण्याजोगी नाही. वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली पडून अंक सपाट होतो तेव्हा त्यास दैव म्हणायचे आणि तोच परिणाम यंत्राने साधला तर लबाडी म्हणायची, यात तर्कदोष आहे असे ते म्हणतात. ते बरोबर आहे. मुडपलेला कोपरा पुढे तुटण्यापूर्वी सरळ करणे हे हिताचेच आहे. चित्र स्पष्ट दिसावे, मुखपृष्ठाची प्रतिष्ठा परत यावी, यात गैर काहीच नाही. २००० च्या दशकाच्या मध्यास काही संग्राहक व विक्रेते 'नेटवर्क ऑफ डिस्क्लोजर' या नावाने एकत्र आले होते, आणि त्यांचा आग्रह बंदीचा नव्हता, सांगण्याचा होता. तरीही हा आग्रह बाजारात रुजला नाही. सांगणाऱ्याचा माल मागे राहतो आणि न सांगणाऱ्याचा खपतो, अशी ही स्पर्धा होती.

ओळखताच येत नाही, या युक्तिवादाची खरी परीक्षा २०१२ मध्ये झाली. त्या वर्षी सीजीसीच्या पालक समूहाने डॅलस येथील क्लासिक्स इन्कॉर्पोरेटेड ही प्रेसिंग व जीर्णोद्धार करणारी संस्था विकत घेतली आणि तिचे रूपांतर क्लासिक कलेक्टिबल सर्व्हिसेस या भगिनीसंस्थेत केले. तेव्हापासून ग्राहक आपला अंक प्रथम प्रेसिंगसाठी आणि तेथूनच श्रेणीसाठी पाठवू शकतो. म्हणजे समूहाच्या एका खोलीत अंक दाबला जातो आणि दुसऱ्या खोलीत त्यास गुण मिळतात. अशा अंकाविषयी ओळखता येत नाही असे कसे म्हणता येईल? ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. पावती फाडलेली असते. २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने या समूहाचा बहुसंख्य हिस्सा घेतला. परीक्षकांच्या सचोटीविषयी यातून काही निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मात्र परीक्षा घेणारा आणि शिकवणी चालविणारा एकाच घरचा असल्यास गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेख असावा, अशी अपेक्षा कोणीही करील.

या मौनाचे मोल ज्ञानव्यवहारालाही चुकवावे लागते. श्रेणी मिळालेला अंक कवच फोडून बाहेर काढायचा, दाबायचा आणि अधिक गुणांच्या आशेने पुन्हा पाठवायचा, या उद्योगाला संग्राहक 'क्रॅक, प्रेस, रिसबमिट' म्हणतात. आद्याक्षरांवरून त्यास 'सीपीआर', म्हणजे मरणोन्मुख रोग्यास दिला जाणारा उपचार, असे विनोदाने म्हटले जाते. प्रत्येक फेरीत कागद पुन्हा ओलावा व उष्णता सोसतो, आणि आम्लयुक्त कागदात याच दोन गोष्टी सेल्युलोजच्या विघटनास गती देतात. एका वेळची मात्रा अल्प असेल. किती वेळा झाली हे कोणत्याच लेबलावर नसते. दुसरे असे की, सीजीसी आपण तपासलेल्या प्रतींची गणना प्रसिद्ध करते आणि दुर्मिळतेविषयीची बहुतेक विधाने तिच्या आधारे केली जातात. जुने लेबल परत केले नाही तर तीच प्रत या गणनेत दोनदा, तीनदा नांदते. विसाव्या शतकातील लोकप्रिय मुद्रिताच्या अवशेषांची ही सर्वांत मोठी यादी आहे, आणि तिच्यातील काही नोंदी एकाच वस्तूची भुते आहेत.

कवचात गेलेला अंक उघडता येत नाही. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ तेवढे दिसते. मधली पाने लेबलावरील शब्दांवरून समजून घ्यावयाची. त्यामुळे लेबल हेच त्या अंकाचे एकमेव वाचनीय पान बनते, आणि त्यावर काय लिहावयाचे हा प्रश्न गौण राहत नाही. तेथे जागेची अडचण नाही. पानांचा रंग पांढरा की मळकट पांढरा हे त्यावर असते, लेखक व चित्रकारांची नावे असतात, महत्त्वाच्या घटना असतात. हल्कच्या १८१ व्या अंकावर वुल्व्हरीनचे पहिले पूर्ण दर्शन ही नोंद न चुकता छापली जाते. ती त्या अंकाच्या प्रत्येक प्रतीस लागू आहे आणि कोणत्याही संदर्भग्रंथात सापडते. हाती असलेली ही एक प्रत कोणत्या वर्षी, कोणाकडून, किती वेळा दाबली गेली, एवढीच गोष्ट केवळ तिच्यापुरती खरी आहे आणि दुसरीकडे कोठेही मिळणारी नाही. त्या ओळीची जागा रिकामी आहे.